बेसनाचा हिशेब आणि दानपेटी

इंदूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते गाळून पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देत आहे.

"सलाम. माझे वय ४४. मल्हारगंज भागात राहत्या घरीच मी शेव आणि बेसनाचे लाडू करून विकते. हाताखाली दोन बायका आहेत. दोन दुकानदार माझा माल ठेवतात आणि नाताळात आमच्या चर्चच्या मंडळीतली २४ घरे फराळ थेट माझ्याकडून घेतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये बेसन महागले तेव्हा सियागंजातल्या एका व्यापाऱ्याने वाटाण्याचे पीठ दाखवले आणि म्हणाला, तिसरा हिस्सा मिसळा, कुणाला कळत नाही. डिसेंबरअखेरपर्यंत मी तसेच केले. पाकिटावर मात्र 'शुद्ध चणा बेसन' हाच छाप होता. वही काढून पाहिली. एकंदर २०० किलो वाटाण्याचे पीठ वापरले, त्यातले २० किलो मंडळीच्या फराळात गेले, बाकीचे दुकानांच्या मालात. किलोमागे ४० रुपये धरले तर ८,००० रुपये वाचले. नाताळच्या उपासनेत मी ३,००० रुपये उपकारस्तुतीचे दान दिले. माझे नाव वाचले गेले तेव्हा मान वर करवेना. जानेवारीपासून मिसळणे बंद केले आहे आणि देवाजवळ रडून क्षमाही मागितली आहे. यजमान म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उकरून काढलेस तर दुकानदार माल बंद करतील, त्या दोन बायकांच्या पोटावर पाय येईल, आणि इथे आपण मूठभर मराठी ख्रिस्ती, नाव जाईल ते वेगळेच. उरलेले ५,००० रुपयेही मी दानपेटीत टाकले तर हिशेब पुरा होईल का? उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, महिला मंडळाने मला 'रोजच्या जीवनातला प्रामाणिकपणा' या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी काय करू?"

प्रिय भगिनी,

सलाम. उत्तर लांबवत नाही. उरलेले ५,००० रुपये दानपेटीत टाकल्याने हा हिशेब पुरा होणार नाही. त्या पैशातून मंदिराचे गळके छप्पर दुरुस्त होईल, कदाचित एखाद्या मुलाची फी भरली जाईल, परंतु ज्यांना तुम्ही हरभऱ्याच्या नावाखाली वाटाणा दिला त्यांच्यापैकी एकाचेही देणे त्यातून फिटणार नाही. हे तुम्ही मनात ओळखलेले आहे असे मला वाटते, नाहीतर पत्र लिहीत बसण्याऐवजी तुम्ही गेल्याच रविवारी पैसे टाकून मोकळ्या झाला असता. दानपेटी काही तुमच्या घरापासून फार लांब नाही.

आधी चुकीचे माप ठरवून घेऊ, कारण पश्चात्तापाच्या भरात माणूस आपली चूक फुगवतो आणि मग एवढ्या मोठ्या चुकीपुढे आपण काय करणार म्हणून हात टेकतो. वाटाण्याचे पीठ विष नाही. कितीतरी नमकीनच्या पाकिटांवर ते घटकांच्या यादीत उघड छापलेले असते आणि तसे छापून विकण्यात काहीच गैर नाही. पण अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे बेसन म्हणजे साल काढलेल्या हरभऱ्याचे पीठ, त्यात दुसऱ्या कोणत्याही धान्याचे पीठ चालत नाही. आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. तेव्हा तुमची चूक परातीत कमी आणि पाकिटाच्या छापात जास्त आहे. गिऱ्हाइकाने ज्या वस्तूचे पैसे मोजले ती वस्तू त्याला मिळाली नाही, एवढे आणि नेमके एवढेच घडले आहे. दिलासा द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. परतफेड कशाची करायची हे ठरवताना त्याची गरज पडेल.

दानपेटीची जी वाट तुम्ही शोधली आहे ती नवी नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूद्यांच्या, एका चालीवर बोट ठेवतो. एखादा मनुष्य आईबापांना सांगे की, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचे ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे. आणि एकदा तसे म्हटले की आईबापांसाठी त्याला काही करावे लागत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला तो मोठा भक्त दिसे. 'कुर्बान' हा इब्री शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ जवळ येणे असा आहे. आपल्या कानावर पडणारी 'कुर्बानी' अरबीतून आली असली तरी दोन्हींचा धातू एकच. आपण मराठीत 'उपासना' म्हणतो, त्यातही उप म्हणजे जवळ आणि आसना म्हणजे बसणे. इतक्या लांबच्या दोन भाषांनी भक्तीसाठी जवळिकीचाच शब्द काढावा, याचे मला, जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला, अजून नवल वाटते. तो कुर्बान म्हणणारा मनुष्य देवाच्या जवळ जाण्याचे निमित्त करून ज्यांचे देणे होते त्यांनाच चुकवत होता, आणि प्रभूला राग आला तो याच गोष्टीचा.

हे सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे ते तुम्हीच ठरवा. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवत होते तिथून आमच्या वर्गाची सहल मांडूला गेली होती. बसवाल्याने ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले आणि माझ्याजवळ ३७८ रुपये उरले. मुले ४२, म्हणजे प्रत्येकाचे नऊ रुपये. नऊ-नऊ रुपये कुठे वाटत बसायचे, असा विचार करून मी ती सगळी रक्कम येत्या रविवारी दानाच्या थैलीत टाकली, आणि त्या दिवशी गीत जरा मोठ्यानेच म्हटल्याचे मला आठवते. बुधवारी शाळा सुटताना एका मुलीची आई फाटकाशी उभी होती. ती चार घरची धुणीभांडी करी, आणि सहलीचे पैसे भरण्यासाठी तिने एका घरून उचल घेतली होती. "बाई, सहलीचे काही उरले का?" एवढेच तिने विचारले. मी म्हणाले, "उरले होते, ते देवाला दिले." ती "बरं" म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

त्या "बरं"ने मला रात्रभर झोपू दिले नाही. पगार झाल्यावर मी माझ्या पैशांतून ४२ पाकिटे केली आणि वर्गात वाटली. मुख्याध्यापकांनी हा काय नवा उद्योग म्हणून विचारले तेव्हा सांगताना जीभ अडखळली. त्या बाईचे पाकीट मी तिच्याच हातात दिले. तिने ते माझ्यासमोर उघडले, पाचाची एक आणि दोनाच्या दोन नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि गेली. आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते, पैसे तिचेच होते.

मी त्या वेळी बायबलमधले लेवीयचे पुस्तक नीट वाचलेले असते तर ३७८ रुपये दोनदा भरावे लागले नसते. त्याच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवणाऱ्यासाठी नियम आहे. त्याने मुद्दल पुरे भरावे, त्यावर पाचवा हिस्सा घालावा, ज्याचे त्याला द्यावे आणि दोषार्पणाचा मेंढा घेऊन याजकाकडे जावे. आपण ख्रिस्ती लोक मेंढा नेत नाही, कारण ते अर्पण एकदाच आणि कायमचे झाले आहे असे आपण मानतो. पण मेंढा गेला म्हणून मुद्दलही गेले असे कुणी आपल्याला शिकवले असेल तर चुकीचे शिकवले आहे. बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो आणि तिथे एक भर आहे, जी तुमच्या फार उपयोगाची आहे. ज्याचे नुकसान झाले तो हयात नसेल आणि भरपाई घ्यायला त्याचा जवळचा नातलगही नसेल, तर ती परमेश्वराची म्हणून याजकाला द्यावी. दानपेटीची वाट शास्त्राने बंद केलेली नाही, मात्र आधीच्या सगळ्या वाटा चालून झाल्यावर तिच्याकडे वळायचे आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने हाच क्रम सांगितला. वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर. हे वचन आपण इतके वाचले आहे की त्यातली पायपीट आपल्या लक्षात येत नाही. ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत. श्रावणात ओंकारेश्वराहून पाणी घेऊन उज्जैनला पायी जाणारे कावडवाले आपल्या शहरातून जातात ते तुम्ही दरवर्षी पाहता. साधारण तेवढीच ती वाट धरा. उज्जैनच्या वेशीवर पोहोचलेल्या कावडवाल्याला कुणी सांगितले की कावड इथे ठेव, ओंकारेश्वराला परत जा, शेजाऱ्याची माफी मागून ये आणि मग पाणी वाहा, तर त्याचा चेहरा कसा होईल? तुमच्या दुकानदारांची दुकाने तर पायी पंधरा मिनिटांवर असतील.

जक्कयाची गोष्टही या दृष्टीने पुन्हा वाचा. तो यरीहोतला मुख्य जकातदार. घरी प्रभू आलेला असताना तो दोन वेगळ्या रकमा बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचे अन्यायाने घेतले असेल त्यांना चौपट परत. धर्मादाय एका खात्यात, देणे दुसऱ्या खात्यात. गरिबांना इतके दिले म्हणून फसवलेल्यांचे थोडे कमी करतो, असे तो म्हणत नाही. स्वतः होऊन कबूल करणाऱ्याला नियमशास्त्राने पाचवाच हिस्सा जास्त सांगितला होता. चौपट ही मेंढरू चोरून विकणाऱ्याची शिक्षा, आणि ती त्याने आपण होऊन स्वतःला लावून घेतली. त्या सगळ्या प्रसंगात मंदिराला किती दिले याचा उल्लेखही नाही, तरीही "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे" असे प्रभू म्हणतो. चौपटीचा आग्रह मी तुम्हाला करणार नाही. पाचवा हिस्सा पुष्कळ झाला.

माझे वडील छावणीच्या धान्य बाजारात एका आडत्याकडे मुनीम होते. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जात असे. जुन्या तागडीचे एक पारडे जड असले की हलक्या बाजूच्या दोरीला खडा किंवा चिंचोके बांधून दोन्ही बाजू सारख्या करत; त्याला पासंग म्हणतात. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो, तो हाच पासंग. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बांधला तर पासंग तागडी खरी करतो, आणि तोच पारड्याच्या बुडाला मेणाने चिकटवला की काटा मारण्याच्या कामी येतो. वडील दुकान उघडले की पहिल्यांदा दोन्ही पारडी उलटी करून त्यांच्या बुडावरून अंगठा फिरवत. रोज, न चुकता, कुणी पाहत असो वा नसो. कधी मेणाचा गोळा सापडे, कारण हाताखालच्या पोरांना शेठला खूश करायचे असे. वडील तो नखाने खरवडून काढत आणि काही न बोलता रस्त्यावर फेकत. घरी त्यांची सकाळची प्रार्थना झालेली असे, पण मला विचाराल तर तिचे 'आमेन' त्या पारड्याखाली होत असे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करा, हीच तुमची आध्यात्मिक सेवा. अंगठाही शरीरात येतो, हे मला पुस्तकातून नव्हे, त्या तागडीवरून कळले.

जुन्या इस्राएलात वजने दगडाचीच असत, इतकी की इब्रीत वजनाला शब्दच दगड हा आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन वजने ठेवू नका असे जे म्हटले आहे, ते मूळ इब्रीत 'दगड आणि दगड' असे आहे. घ्यायचा एक, द्यायचा एक. आमोस संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळणारे लोक होते. दुकान बंद ठेवून ते घरी बसत आणि शब्बाथ केव्हा संपेल, म्हणजे माप लहान करून धान्य विकता येईल, याची वाट पाहत. उपासनेत त्यांची हजेरी पूर्ण होती. तुमचे पारडे म्हणजे ते पाकीट. त्याच्या बुडाला तीन महिने मेण होते, ते तुम्ही जानेवारीत खरवडलेत. आता त्या तीन महिन्यांत जे तोलले गेले त्याचा प्रश्न आहे.

यजमानांच्या म्हणण्याकडे वळते. ते काळजीपोटी बोलत आहेत, त्यांच्यावर रागावू नका. पण त्यांना एक विचारा: मूठ खरोखर झाकलेली आहे का? लाडवांसाठी बेसन तुपात भाजताना हरभऱ्याचा जो खमंग वास सुटतो तो वाटाणा मिसळल्यावर तसा सुटत नाही, कच्चट उग्रपणा राहतो. आणि कढईपाशी उभ्या राहून उलथणे फिरवत होत्या त्या तुमच्या दोघी. पोतेही त्यांनीच उघडले असणार. त्यांना ऑक्टोबरपासून माहीत आहे. त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत, कारण रोजी तुमच्या हातात आहे. आणि मंडळीत नाव वाचले गेलेल्या आपल्या मालकीणबाई पाकिटावर काय छापतात आणि परातीत काय ओततात हे त्यांनी तीन महिने पाहिले. म्हणून पहिले बोलणे दुकानदाराशी नको, त्या दोघींशी करा. लांबण लावू नका: आपण चुकीचे करत होतो, तुम्हाला त्यात ओढले, ते मी निस्तरणार आहे, आणि त्यामुळे काम कमी झाले तरी तुमचा पगार कमी होणार नाही.

हे शेवटचे वाक्य तुम्हाला महाग पडेल, आणि पडले पाहिजे. दावीद राजाला वेदी बांधण्यासाठी अरवनाचे खळे हवे होते. अरवना खळे, बैल, लाकडे सगळे फुकट द्यायला तयार होता. दावीदाने ते नाकारले. ज्याची किंमत मी मोजलेली नाही असे होमार्पण मी परमेश्वराला करणार नाही, असे म्हणून त्याने खळे आणि बैल ५० शेकेल रुप्याला विकत घेतले. त्याच खळ्याच्या जागी पुढे शलमोनाने मंदिर बांधले. तुमच्या ३,००० रुपयांच्या उपकारस्तुतीचे नेमके हेच बिनसले होते: दान तुमचे आणि किंमत गिऱ्हाइकाची. आता परतफेड करताना ती किंमत त्या दोन बायकांच्या चुलीवर टाकलीत तर तीच चूक दुसऱ्यांदा होईल. एक-दोन महिने व्यवसायातून तुम्हाला स्वतःला काही उरणार नाही अशी तयारी ठेवा. मुलांच्या शाळेची फी किंवा औषधपाणी अडणार असेल तर परतफेड हप्त्यांनी करा. मुदत तुम्हीच ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

मंडळीची २४ घरे तुम्हाला नावानिशी माहीत आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत पळवाट नाही. २० किलोचे ८०० रुपये, त्यात पाचवा हिस्सा, झाले ९६०. घरामागे ४० रुपये. चाळीस रुपये पाकिटात घालून दिलेत तर लोक संकोचतील आणि परत करतील, म्हणून तेवढ्या किमतीचे निव्वळ हरभऱ्याच्या बेसनाचे लाडू करून न्या, आणि दारातच सांगा की नाताळच्या फराळात मी वाटाण्याचे पीठ मिसळले होते, तुम्हाला सांगितले नव्हते, माझे चुकले. लाडू चाळीस रुपयांचेच असतील, पण ते वाक्य मनावर ओझे होऊन बसते, मला ठाऊक आहे. २४ दारी ते म्हणावे लागेल. चार-पाच घरांनंतर सोपे होते असे मी सांगितले असते, पण माझ्या वर्गात मला एकदाच म्हणायचे होते.

दुकानदारांकडे फोन करू नका, सकाळी गर्दी व्हायच्या आधी स्वतः जा. सियागंजातल्या व्यापाऱ्याचे नाव घेऊ नका. त्याने दाखवले, मिसळले तुम्ही. जुन्या मालातले एखादे पाकीट फळीवर राहिले असेल तर ते तिथेच मागून घ्या. त्यांच्याकडून गेलेल्या मालाचे ७,२०० आणि पाचव्या हिश्श्याचे १,४४०, असे ८,६४० रुपये ज्यांचे आहेत ती गिऱ्हाइके तुम्हाला माहीत नाहीत, परंतु आपल्याकडे शेव घेणारा माणूस सहसा त्याच दुकानात पुन्हा येतो. म्हणून पुढचा माल तेवढी रक्कम भरेपर्यंत पाकिटामागे काही रुपये कमी किमतीने द्या, आणि ती कपात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल अशी अट घाला. एखादा दुकानदार याला तयार झाला नाही, तर गणनाचा नियम लावा: ज्यांना गाठता येत नाही त्यांचे पैसे देवाच्या नावाने गरजूंना द्या, आणि ते नाव न वाचता.

माल बंद होईल का? एखाद्याकडे होईलही. तो त्याचा अधिकार आहे, कारण पाकिटावर नाव तुमचे असले तरी गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर घेत होते. दुसरी शक्यता अशी की तो हसेल आणि म्हणेल, "अरे भाभीजी, सब चलता है." हे ऐकायला जास्त अवघड आहे; त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि पाय परत फिरतात. त्याने हसून माफ केले ते त्याच्या वाट्याचे. गिऱ्हाइकाच्या वाट्याचे माफ करायचा त्याला हक्क नाही, तेव्हा किमतीतल्या कपातीचे बोलणे पुरे करूनच दुकानाची पायरी उतरा.

मूठभर मराठी ख्रिस्ती लोकांच्या नावाबद्दल यजमानांना सांगा की कॅनडातल्या मिशनचे काम या शहरात १८७७ मध्ये सुरू झाले आणि ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये. इतक्या वर्षांचे नाव एका हंगामाच्या लाडवांवर उभे नाही. पुढे कधी वाटाण्याचे पीठ वापरावेसे वाटले तर वापरा, छाप बदला, किंमत उतरवा. मी स्वतः तशी शेव विकत घेते, दातांना बरी लागते.

महिला मंडळाला या उपवासकाळात नकार कळवा. कारण सांगायची सक्ती नाही. मला सध्या या विषयावर बोलता येणार नाही, एवढे खरे वाक्य पुरे. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकली, पैशांतला काही भाग मागे ठेवला आणि सगळे दिल्याचे भासवले; ही गोष्ट आपण दान कमी दिल्याची गोष्ट म्हणून ऐकत आलो आहोत, पण पेत्राने हनन्याला स्पष्ट म्हटले होते की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. कमी देण्याला कुणाची हरकत नव्हती. पूर्ण दिल्याचा देखावा त्यांना भोवला. हिशेब चुकता होण्याआधी प्रामाणिकपणावर बोलायला उभ्या राहिलात तर तुमचीही तीच गत होईल, आणि ऐकणाऱ्यांत ती २४ घरेही असतील. हिशेब चुकता झाल्यावरही या गोष्टीची साक्ष करून सांगण्याची घाई करू नका. आपल्या मंडळ्यांमध्ये पापाची कबुली आणि पापाची जाहिरात यांत फार गल्लत होऊ लागली आहे, हे मी या निमित्ताने नोंदवून ठेवते.

राहिले ते नाताळचे ३,००० रुपये. ते परत मागू नका. परतफेडीचे सगळे ९,६०० तुम्ही आता स्वतःच्या कमाईतून भरणार आहात, म्हणजे ते तीन हजारही उशिरा का होईना तुमच्याच खिशातून गेल्यासारखे होतील. पाळक साहेबांना एकांतात सांगायचे असेल तर सांगा, मन हलके होईल. खजिनदाराकडे मात्र जाऊन पावती रद्द करायला लावू नका. आठ वर्षे मी मंडळीची खजिनदार होते, आणि एक रद्द पावती वार्षिक सभेत दीड तास खाते, तोही चहाच्या आधी.